दर्शनी भिंत

तुम्ही सहा जण मिळून चित्रांचं प्रदर्शन भरवताय, असं कळलं. अभिनंदन. एकट्याचं प्रदर्शन फसलं तर दोष द्यायला कुणी नसतं. सहा जणांचं फसलं तर प्रत्येकाला पाच जण मिळतात. हा फायदा कुणी मोकळेपणाने सांगत नाही, सगळे आपलं ‘भाडं वाटून जातं’ एवढंच सांगतात. मी या वाटेने तीनदा गेलोय, म्हणून चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर ग्रुपवर टाका. तिथे त्यांचं जे व्हायचं ते होईलच.

सगळ्यात आधी नाव ठरवा. चित्रं झाली नसली तरी चालेल, आणि ती झालेली नाहीत हे मला ठाऊक आहे. नावासाठी तीन बैठका राखून ठेवा. पहिल्या बैठकीत क्षितिज, स्पंदन, रंगरेषा अशी नावं येतील आणि ‘हे फार ऐकलेलं वाटतं’ म्हणून बाद होतील. दुसरीत कुणीतरी शब्दकोश घेऊन येईल. तिसरीत सगळे दमलेले असताना एकजण म्हणेल, नावच नको, ‘अनाम’ म्हणू या. टाळ्या पडतील. पत्रिकेवर ‘अनामत’ छापून येईल.

पण मनाला लावून घेऊ नका. १८७४ साली पॅरिसमध्ये तीसेक कलावंतांनी ‘सलॉन’ नावाच्या सरकारी प्रदर्शनाला कंटाळून स्वतःचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांनी घेतलेलं नाव एखाद्या पतपेढीला शोभलं असतं: चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार वगैरेंची सहकारी कंपनी. त्यांच्यातल्या देगा या चित्रकाराच्या डोक्यात एका फुलाचं नाव होतं, ते कुणी घेतलं नाही. कॅटलॉगचं काम रेन्वार या दुसऱ्या चित्रकाराच्या भावाकडे होतं. मोने या तिसऱ्या चित्रकाराची तीच ती शीर्षकं लिहून तो वैतागला आणि या चित्राला काय म्हणू असं विचारू लागला. मोने म्हणाला, ‘इम्प्रेशन’ लिही, म्हणजे मनावरचा ठसा. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने नेमका तोच शब्द उचलून सगळ्यांची टर उडवली, आणि सगळ्या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव जन्माचं चिकटलं. म्हणजे बैठकांपेक्षा एखादा चिडका समीक्षक स्वस्त पडतो. हल्ली तेही मिळत नाहीत. त्यामुळे तुमच्यापैकी एखाद्याचा मेहुणा पाहा.

मग नियमावली. याच पॅरिसच्या मंडळींत पिसारो होता. त्याने बेकरीवाल्यांच्या संघटनेची नियमावली आणली आणि आपणही हीच वापरू म्हणाला. रेन्वारला ते अजिबात रुचलं नाही. मला विचाराल तर बेकरीवाल्यांचे नियम उत्तमच असणार, कारण त्यांचा माल रोज सकाळी तयार असतो.

आता निवड. प्रत्येकाने प्रत्येकाची चित्रं पाहून मोकळेपणाने बोलायचं, असं ठरवा. मोकळेपणाने बोलण्यासाठी आपल्याकडे दोनच वाक्यं आहेत. ‘छान झालंय’ म्हणजे पाहिलं नाही. ‘वेगळं आहे’ म्हणजे पाहिलं. याहून जास्त बोलू नका, अजून सहा जणांचं भाडं जमायचं आहे. निवड समिती नकोच असं कुणी म्हणेल, तर त्याला १९१७ ची न्यूयॉर्कची गोष्ट सांगा. तिथल्या स्वतंत्र कलाकारांच्या सोसायटीचा नियमच होता की परीक्षक नाहीत, सहा डॉलर भरा आणि काम लावा. मांडणीसुद्धा आडनावाच्या अक्षरानुसार, आणि सुरुवात कोणत्या अक्षराने करायची तेही चिठ्ठी काढून. मग ‘आर. मट’ अशी सही केलेलं मुतारीचं भांडं आलं. सहा डॉलर भरलेले होते. संचालकांनी तातडीने परीक्षक होऊन ते बाहेर ठेवलं आणि त्यांच्यातल्याच मार्सेल द्युशाँ या कलावंत संचालकाने, कारण पाठवणारा आतून तोच होता, राजीनामा दिला. ‘सगळ्यांना प्रवेश’ या धोरणाचं आयुष्य पहिला नको असलेला माणूस येईपर्यंतच असतं. तुमच्याकडे तो आधीच ग्रुपमध्ये आहे.

तैलरंगवाल्याने शेवटचं चित्र आदल्या रात्री पूर्ण करावं. जाड थर पुरता वाळून वार्निश लावण्याजोगा व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, पण तुमच्याकडे टेम्पो येईपर्यंतचा वेळ आहे. ओल्या कॅनव्हासला बबल रॅप गुंडाळा, फुगे आतल्या बाजूला. गॅलरीत उघडाल तेव्हा संध्याकाळच्या आकाशात सारख्या अंतरावर गोल गोल ठसे उमटलेले असतील. घाबरू नका. त्याला ‘टेक्श्चर’ म्हणा आणि किंमत वाढवा.

इथवर सगळं किरकोळ होतं. आता भिंत.

प्रत्येक गॅलरीत चार भिंती असतात असं वाटतं, पण खरी एकच असते: दारातून शिरल्यावर समोर दिसणारी. उरलेल्या तीन फक्त ती उभी राहावी म्हणून बांधलेल्या असतात. ग्रुपमध्ये कुणीही ‘मला दर्शनी भिंत हवी’ असं म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका. ‘माझं चित्र मोठं आहे, त्याला लांबून बघायला जागा लागते’ असं म्हणा. ज्याचं चित्र लहान आहे त्याने ‘लहान काम दारातच दिसलं पाहिजे, नाहीतर हरवतं’ म्हणावं. ज्येष्ठाने काहीच म्हणू नये. फक्त स्टुलावर बसून त्या भिंतीकडे पाहत राहावं, पंधरा मिनिटांत कुणीतरी ‘सर, तुमचं इथे लावू या का’ विचारतंच. शिल्पकाराला भिंत नको असते म्हणून तो गरीब वाटतो. पण तो आपलं शिल्प बरोबर त्या भिंतीसमोर मधोमध ठेवतो, म्हणजे मागचं चित्र बघायला मागे सरकणारा माणूस त्यावर आदळला पाहिजे. पॅरिसवाल्यांनी आकारानुसार आणि चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायचं ठरवलं होतं. शेवटी बहुतेक सगळं एकट्या रेन्वारने लावलं. समितीचं असंच असतं.

भिंत मिळाली नाही तर शेजार तरी निवडून घ्या. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत टर्नर या चित्रकाराचं एक राखाडी समुद्राचं चित्र कॉन्स्टेबल या दुसऱ्या चित्रकाराच्या चित्राशेजारी लागलं. कॉन्स्टेबलच्या चित्रात नदी, पूल, नावा आणि लालभडक शेंदरी रंगाची चंगळ; तो अजून त्या नावांवर शेवटचा हात फिरवत होता. टर्नर मागे उभा राहून कधी याच्या चित्राकडे, कधी स्वतःच्या चित्राकडे पाहत राहिला. मग रंगाची पाटी घेऊन आला, स्वतःच्या करड्या पाण्यावर नाण्याएवढा लाल ठिपका ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. कॉन्स्टेबलचा सगळा शेंदूर त्या ठिपक्यापुढे फिका पडला. तो येऊन बंदूक झाडून गेला, असं कॉन्स्टेबल म्हणाला. दीडेक दिवसाने टर्नर परत आला आणि ठिपक्याला आकार देऊन त्याचा पाण्यावर तरंगणारा बोया केला. समूहप्रदर्शनात कसं वागावं, याचा इतका नेटका वस्तुपाठ दुसरा नाही.

माझ्या वाट्याला हा प्रसंग उलटा आला. माझंही चित्र राखाडीच होतं, धुक्यातली झाडं. ग्रुपने एकमताने त्याला जी जागा दिली तिथे शेजारी अग्निशामक नळकांडं होतं. ते हलवता येत नाही, झाकताही येत नाही, आणि रंग असा की टर्नरलाही हेवा वाटावा. आठवडाभर माझ्या चित्रासमोर जो उभा राहिला त्याची नजर दोन सेकंदांत उजवीकडे घसरली. एका बाईंनी तर त्यावरची तपासणीची तारीख वाकून वाचली. माझ्या शीर्षकपट्टीपाशी एवढं कुणी वाकलं नाही.

टांगण्याच्या दिवशी सहाही जण हजर राहा आणि मिळून एक पाणसळ विकत घ्या, गवंडी वापरतात तशी, पिवळी, काचेत बुडबुडा असलेली. मोबाइलमध्येही ती सोय असते, पण सहा मोबाइल सहा उत्तरं देतात. उंचीचं गणित सोपं आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर आला की सरासरी माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. म्हणून खिळा कुठे? ५७ अधिक चित्राची निम्मी उंची, वजा ताणलेली तार आणि चौकटीची वरची कड यांतलं अंतर. चोवीस इंची चित्र, तार तीन इंच खाली, तर ६६. यातली वजाबाकी कुणीतरी एकजण विसरतो आणि नेमका तोच पेन्सिल घेऊन पुढे असतो. त्यामुळे पूर्ण भिंत तीन इंच वर जाते. मग सगळे मागे सरकून ‘जरा वर वाटतंय का?’ असं एकमेकांना विचारतात आणि ठरतं की प्रेक्षक उंच असतील.

आमच्याकडे समुद्राच्या चित्राने दोन तास खाल्ले. पाणसळ चौकटीवर ठेवली, बुडबुडा ठीक मधोमध. तिघे मागे जाऊन म्हणाले, डावीकडे उतरतंय. परत ठेवली, बुडबुडा मधोमध. परत उतरतंय. मग लक्षात आलं की चौकट सरळ होती, समुद्रच उतरता काढलेला होता. चित्रकार शेजारीच उभा, त्यामुळे हे मोठ्याने कुणी बोललं नाही. हळूच चौकट तिरपी केली, क्षितिज सरळ आलं. चित्रकार खूश होऊन म्हणाला, ‘बघा, पाणसळीवर विसंबायचं नसतं.’ तुमचं एखादं अमूर्त चित्र उलटं लागलं, तर त्याचीही एवढी काळजी करू नका. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीस या चित्रकाराचं कागद कापून केलेलं नावेचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. तुमचं प्रदर्शन सातच दिवसांचं आहे.

शीर्षकपट्टीवर माध्यम, माप, साल आणि किंमत लिहितात. किंमत स्वतःच्या चित्राकडे बघून ठरवायची नाही, शेजाऱ्याच्या पट्टीकडे बघून ठरवायची. आधी पट्टी लावणारा मूर्ख. एखाद्या चित्राला ‘विक्रीसाठी नाही’ असं जरूर लिहा, म्हणजे बाकीची विक्रीसाठी होती म्हणून गेली नाहीत हे दुखणं जरा सुसह्य होतं. मनोगतात अस्तित्व, अवकाश आणि शोध हे तीन शब्द कुठल्याही क्रमाने घाला. सहा जणांची मनोगतं एकमेकांत अदलाबदल झाली तरी चालावं, इतकी सफाई हवी. आमची झाली होती. शिल्पकाराच्या खाली ‘जलरंगाची पारदर्शकता मला खुणावते’ असं सात दिवस झळकलं, आणि दोघांनी त्याला सांगितलं की हो, जाणवतं ते.

उद्घाटनाला सगळे येतील. सगळे म्हणजे सहा जणांचे नातेवाईक. ते आपापल्या माणसाच्या चित्रासमोर फोटो काढतील आणि जाताना वहीत ‘खूप सुंदर, अशीच प्रगती होत राहो’ असं लिहितील. उद्घाटकांना चित्रांबद्दल बोलायचा आग्रह धरू नका, त्यांना कलेबद्दल बोलू द्या. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता येतो: गॅलरीत बसणार कोण? त्याचा तक्ता कराच. तक्त्यानुसार बसायची वेळ आली की एकाची आई आजारी पडते, दुसऱ्याला ‘अचानक क्लायंट’ येतो आणि ज्याचं एकही चित्र जाणार नाही हे सर्वांना माहीत आहे तो सातही दिवस बसतो. चुकून एखादा गिऱ्हाईक आला तर हा बसलेला त्याला बाकीच्या पाचही जणांची चित्रं प्रामाणिकपणे दाखवतो. त्याला पुढच्या वेळी घ्यायचं की नाही, यावर मग तुम्ही चर्चा करता.

शेवटी हिशेब. सातव्या संध्याकाळी तो काढू नका, मैत्री आहे तोवर टेम्पो भरून घ्या. पॅरिसच्या त्या कंपनीने डिसेंबरात रेन्वारच्या स्टुडिओत हिशेब मांडला तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर १८४ फ्रँक ५० सेंटिम निघाले आणि कंपनी एकमताने बरखास्त झाली. त्यांचं पहिलं पूर्ण एकमत बहुधा हेच असावं. त्यानंतर १८८६ पर्यंत त्यांनी आणखी सात प्रदर्शनं भरवली, दर वेळी कुणीतरी कुणावर तरी रुसून बाहेर. आठही प्रदर्शनांत होता फक्त पिसारो, तोच बेकरीच्या नियमावलीवाला. तुमच्यातला असा माणूस हेरा आणि वही त्याच्या गळ्यात मारा.

तुमचेही दोन गट पडतीलच, तीन आणि तीन. दोघांचंही म्हणणं असेल की मूळ ग्रुप आमचा. नाव कुणाकडे जायचं यावर फार ताणू नका, ‘अनामत’ कुणालाच नको असतं. उरलेले हुक, दोन रीळ तार आणि शीर्षकपट्ट्या हसत देऊन टाका. पाणसळ मात्र तुमच्या पिशवीत राहू द्या. विचारलं तर म्हणा, टेम्पोतच राहिली बहुतेक.