खुलासा: माहिती न देणारा सहकारी स्वार्थीच असतो का?

‘प्रोजेक्टमध्ये माहिती दडवणारा स्वार्थीच असतो, त्याला टीममधून काढा’ हा मेसेज फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. कृपया पुढे पाठवू नका. व्यवस्थापन संशोधक कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या संशोधनात दडवण्याचे तीन प्रकार दिसले: ‘नंतर देतो’ म्हणत टाळणं किंवा मागितलं त्यापेक्षा वेगळंच सांगणं, माहीतच नसल्याचं भासवणं, आणि देता येत नाही हे कारणासह सांगणं. तिसऱ्यात फसवणूक असेलच असं नाही. गोपनीयतेचं बंधनही असू शकतं. विचारणाऱ्यावर अविश्वास असला की दडवणं वाढतं, असंही त्यात आढळलं. शिवाय कधी कधी समजावून सांगायला वेळापत्रकात तासच धरलेले नसतात. माणूस काढला की त्याच्याकडची माहितीही जाते. आधी ते तास धरा. मिळालेली माहिती नोंदवताना ती देणाऱ्याचं नावही लिहा.