कंडरेचे दुखणे आणि ‘सहा आठवडे पूर्ण विश्रांती’चा सल्ला

धावपटूंच्या आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या गटांत एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘टाचेमागची शीर दुखते म्हणजे तिला सूज आली आहे. सहा आठवडे पूर्ण विश्रांती घ्या, बर्फ लावा, पोटरी रोज भरपूर ताणा. या काळात व्यायाम केला तर शीर तुटेल. तरीही दुखणे न थांबल्यास एक स्टिरॉइडचे इंजेक्शन घ्या आणि आठवड्याने मैदानावर उतरा.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि ते पाळणाऱ्या खेळाडूंचे हंगामच्या हंगाम वाया जातात.

ज्याला येथे शीर म्हटले आहे ती स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजेच टेंडन. पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला अकिलीस टेंडन म्हणतात. महिनोन्महिने दुखणाऱ्या कंडरेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एरवी समांतर असणारे कोलाजेनचे तंतू विस्कटलेले, त्यांच्यामधला पाणी धरून ठेवणारा भाग वाढलेला आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या आत शिरलेल्या दिसतात. दाहाच्या पेशी तेथे मुळीच नसतात असे नाही. तरीही मुरगळलेल्या घोट्याला येते तशी ही सूज नव्हे, आणि म्हणूनच ‘टेंडिनायटिस’ (कंडरेचा दाह) याऐवजी ‘टेंडिनोपथी’ (कंडरेचा विकार) हा शब्द आता रूढ झाला आहे. बर्फाने किंवा वेदनाशामक गोळीने काही तास बरे वाटते, विस्कटलेले तंतू मात्र त्यामुळे पूर्ववत होत नाहीत.

सर्वाधिक नुकसान करतो तो पूर्ण विश्रांतीचा सल्ला. बसून राहिल्यावर दुखणे थांबते हे खरे आहे, आणि त्यामुळेच तो पटतो. परंतु त्या सहा आठवड्यांत पोटरीची आणि कंडरेची ताकद आणखी घटते, आणि ज्या भाराला कंडरा आधीच पुरी पडत नव्हती तोच भार पुन्हा पडू लागताच दुखणेही परतते. स्वीडनमधील उमिओ येथील अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये याच्या नेमकी उलट वाट धरली. इतर उपचारांनी गुण न आलेल्या १५ हौशी खेळाडूंना त्यांनी पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायला लावले. वर येताना मात्र दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा होता. १५ वेळांच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तितक्याच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा हा व्यायाम होता. थोडे दुखले तरी थांबायचे नव्हते. उलट सोपे वाटू लागताच पाठीवर वजन वाढवायचे होते. बारा आठवड्यांनी ते पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले. अभ्यास लहान होता, आणि पुढील अभ्यासांत सर्वांनाच इतका गुण आला नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र भार हाच उपचार, हे त्यातील सूत्र टिकले. २०१५ मध्ये डेन्मार्कमधील अभ्यासात आठवड्यातून तीनदा जड वजनाने संथ व्यायाम करणाऱ्यांनाही तितकाच फायदा झाला. माझ्या मते नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्याला हीच पद्धत अधिक झेपते.

‘व्यायामाने शीर तुटेल’ ही भीतीही अशीच तपासली गेली आहे. २००७ मध्ये गॉथेनबर्ग येथील कारिन सिल्बरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या एका गटाला व्यायामाबरोबर धावणे-उड्या चालू ठेवू दिल्या. अट अशी की शून्य ते दहाच्या मापावर वेदना पाचपलीकडे जाऊ नये, दुसऱ्या सकाळपर्यंत ती उतरावी आणि आठवड्यागणिक वाढू नये. धावणे बंद ठेवलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचे काहीही बिघडले नाही. अर्थात भरधाव धावा, चढ आणि उड्या काही काळ कमी कराव्या लागतात. पण कमी करणे वेगळे आणि अंथरूण धरणे वेगळे.

पोटरी ताणण्याबाबत सावध राहावे, विशेषतः कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते तेथेच दुखत असेल तर. पाऊल वर वळवून ताण दिला की कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणे चिघळते.

इंजेक्शनच्या मोहाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. तेही कंडरेचेच दुखणे. ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत आराम पडला, परंतु वर्षभरात त्यांच्यापैकी ५४ टक्क्यांचे दुखणे उलटले. औषध नसलेले इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. शरीराचे सगळे वजन पेलणाऱ्या अकिलीस टेंडनमध्ये स्टिरॉइड देऊन, वेदना दबलेली असताना आठवड्याने धावायला सांगणे मला अक्षम्य वाटते. रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढून दिले जाणारे महागडे ‘पीआरपी’ इंजेक्शनही त्याला पर्याय नाही: २०२१ मध्ये ब्रिटनमधील २४० रुग्णांच्या चाचणीत ते लुटुपुटीच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही.

संदेशात नसलेली एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या प्रतिजैविकांमुळे कंडरेला इजा होऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी औषध घेताना आपण धावतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुखणे टाळण्याबाबत तर संदेश गप्पच आहे. भरतीची जाहिरात निघते आणि १६०० किंवा ८०० मीटरची वेळ गाठण्यासाठी मुले-मुली दुसऱ्याच दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण वेगाने धावू लागतात. कंडरेला या भाराशी जुळवून घ्यायला महिने लागतात आणि आपण तिला दिवस देतो. अंतर, वेग आणि बूट एकाच वेळी बदलू नयेत, वेगाच्या धावा एक दिवस आड ठेवाव्यात, आणि वजन घेऊन टाचा उचलण्याचा व्यायाम जाहिरातीची वाट न पाहता आठवड्यातून दोनतीनदा करावा.

कंडरा तुटते ही गोष्ट खरी आहे, पण पुष्कळदा ती आधी कधीच न दुखलेल्या पायात तुटते. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, ‘फट’ असा आवाज आला, त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना किंवा पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलेना, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील मोठ्या चाचणीत शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले रुग्ण वर्षभरानंतर सारखेच चालत-फिरत होते. मात्र शस्त्रक्रियेविना पुन्हा तुटण्याचे प्रमाण ६.२ टक्के होते, तर शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के. यांपैकी कोणता उपचार घ्यायचा ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येते, पण चार दिवस तेल चोळत घरी काढले, तर तुटलेली टोके एकमेकांपासून दूर सरकतात आणि दोन्ही उपचार अवघड होतात.