माईकसमोर रांगेत उभा असलेला माणूस

अमेरिकेत एखाद्या नेत्याच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे लोकांनी त्याला थेट प्रश्न विचारायच्या जाहीर सभेत, गोंधळ झाला की माझ्या ओळखीतली निम्मी माणसं खूश होतात आणि निम्मी चिडतात. कोण खूश होणार, हे व्यासपीठावर कुठल्या पक्षाचा माणूस उभा आहे यावर ठरतं. मला याचा मनापासून त्रास होतो.

२००९ च्या ऑगस्टमध्ये आरोग्य विम्याच्या विधेयकावरून टी पार्टी या उजव्या चळवळीच्या लोकांनी डेमोक्रॅट खासदारांना सळो की पळो करून सोडलं. तेव्हा डेमोक्रॅटांनी त्याला झुंडशाही म्हटलं. पुढे २०१६ च्या डिसेंबरमध्ये ट्रम्पविरोधकांनी खासदारांवर दबाव कसा आणायचा याची ‘इंडिव्हिजिबल’ ही मार्गदर्शिका काढली, ती टी पार्टीचीच पद्धत उघडपणे उचलून. मग २०१७ च्या फेब्रुवारीत युटातल्या एका शाळेत रिपब्लिकन खासदार जेसन चॅफेट्झ यांना ‘तुमचं काम करा’ या घोषणांत धड बोलता येईना, आणि आता झुंडशाहीची तक्रार रिपब्लिकनांकडून आली.

घोषणाबाजी सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. १८ जुलै २०१५ ला फिनिक्समध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे मार्टिन ओ’मॅली आणि बर्नी सँडर्स यांचा टाउन हॉल कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी हिंसेविरुद्धच्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीच्या कार्यकर्त्यांनी थांबवला. टेक्सासच्या तुरुंगात सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीचा मृत्यू होऊन तेव्हा जेमतेम पाच दिवस झाले होते. ते आत शिरले ते हा विषय घेऊनच, आणि उत्तर मागायला. ऑगस्टमध्ये सिअॅटलच्या एका सभेतही अशाच अडथळ्यामुळे सँडर्स यांना भाषण न करताच परतावं लागलं, आणि लगेच त्यांचा वांशिक न्यायाचा कार्यक्रम जाहीर झाला. त्या आरडाओरड्याशिवाय तो इतक्या लवकर आला असता, असं मला वाटत नाही.

पण शिट्ट्या आणि घोषणा उत्तर ऐकायलाच तयार नसतात, तेव्हा नेत्याचं काय बिघडतं? तो गाडीत बसून निघून जातो. बिघडतं ते चिठ्ठी हातात धरून तासभर माईकपाशी उभ्या असलेल्या माणसाचं. आईच्या औषधाचा खर्च विचारायला आलेला तो माणूस तसाच घरी परततो.

आणि नेत्याला निमित्त मिळतं, ते वेगळंच. मार्च २०२५ मध्ये रिपब्लिकनांच्या प्रचार समितीचे प्रमुख रिचर्ड हडसन यांनी आपल्या खासदारांना समोरासमोरचे टाउन हॉल टाळा, फोनवरून घ्या, असा सल्ला दिला. पुढच्या महिन्यात जॉर्जियात अॅकवर्थला तेव्हाच्या रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन यांनी सभा घेतली, ती आधी लेखी मागवलेल्या प्रश्नांवर. पोलिसांनी निदर्शकांना बाहेर काढलं, दोघांवर विजेचा झटका देणारी स्टन गन चालवली. याचा राग मला गोंधळापेक्षा कितीतरी जास्त येतो. निवडलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं म्हणजे भाषणच. उलटा प्रश्न विचारायची सोय नसेल, तर लोक ओरडणारच.

आपल्या ग्रामसभेत काही कमी भांडणं होत नाहीत. पण तिथे इतिवृत्त लिहावं लागतं. ग्रामसेवकाने प्रामाणिकपणे लिहिलं तर विचारलेला प्रश्न कागदावर उरतो, पुढच्या सभेत तो पुन्हा काढता येतो. टाउन हॉलला जाणाऱ्या माझ्या तिकडच्या मित्रांना एवढंच सांगते: ओरडा, पण प्रश्न ओरडा, आणि मग उत्तर येईपर्यंत दोन मिनिटं थांबा. उत्तर टाळलं तर खुशाल पुन्हा ओरडा. तुमच्या मागे रांगेत अजून कोणीतरी उभं आहे.