माथेरानची गाडी इंग्रजांनी बांधलेली नाही

परवा भाची शाळेची प्रकल्पवही दाखवायला दादरला आमच्याकडे आली होती. आठवीत आहे. माथेरानच्या मिनी ट्रेनच्या चित्राखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'ही रेल्वे लॉर्ड एल्फिन्स्टनने 1904 साली इंग्रज साहेबांच्या सुट्टीसाठी बांधली.' कुठून घेतलंस विचारलं, तर म्हणाली, आजोबांच्या मोबाइलवर आलं होतं.

तो मेसेज मलाही तीनदा आला आहे, त्यातला एकदा खुद्द मोठ्या मामांकडून. त्यात म्हटलंय की गाडी इंग्रजांनी बांधली, ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आजही 1907 चंच वाफेचं इंजिन ती ओढतं, आणि आपल्या लोकांना सांभाळता न आल्यामुळे 2019 पासून ती कायमची बंद आहे. इंजिन आजही धावतं आणि गाडी मात्र कायमची बंद, हे पुढे पाठवणाऱ्या एकालाही खटकलं नाही. शेवटची ओळ तर अशी: 'इंग्रज नसते तर आपण अजून डोलीत बसूनच माथेरान चढलो असतो.'

याच ओळीमुळे लिहायला बसले.

लॉर्ड एल्फिन्स्टन मुंबई प्रांताचा गव्हर्नर होता 1853 ते 1860. आणि 1860 सालीच तो वारला. वारलेल्या माणसाने चव्वेचाळीस वर्षांनी माथेरानच्या पायथ्याशी नेरळला रूळ टाकले, हे आपण मुलांच्या वहीत उतरवून देतो आहोत. माथेरानला हवा खायला जायची प्रथा वाढली ती त्याच्या काळात, एवढाच त्याचा संबंध.

गाडी बांधली मुंबईच्या पीरभॉय कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा व्यापारी. लहानपणी मुंबईच्या रस्त्यावर काड्यापेट्या विकत, असं सांगतात. पुढे लष्कराला तंबू पुरवून मोठे झाले आणि 1897 मध्ये मुंबईचे शेरीफ (नगरपाल) झाले. रेल्वेचं काम अंगावर घेतलं ते त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी. पैसा वडिलांचा. खर्च आला सोळा लाख रुपये, त्या काळचे. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 22 मार्च 1907 ला गाडी वर पोचली. यात गुप्त काहीच नाही. मध्य रेल्वे स्वतः या गाडीची माहिती देताना पीरभॉयांचंच नाव घेते. मेसेज लिहिणाऱ्याला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि हे काम सोपं नव्हतं. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. नेरळपासून एकवीसेक किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरहून जास्त चढ. काही ठिकाणी वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, तेही दातेरी रुळाची मदत न घेता. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं घेत, घोड्याच्या नालासारखी वळणं मारत गाडी चढते. बसून बघा एकदा.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप इंग्रज होता, तोच बार्शी लाइट रेल्वेवालाही. माथेरान 1850 मध्ये सरकारी कागदावर आणलं ते ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी. पण डोंगरावर ठाकूर, कातकरी, धनगर त्याआधीपासून होतेच. इंजिनं तर जर्मनीची, ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. वळणावर चाकांना बाजूला सरकता यावं म्हणून त्यांचे आस खास घडवलेले. म्हणजे डोकी आणि हात बऱ्याच जणांचे होते. जोखीम आणि पैसा मात्र पीरभॉयांचा. त्यांचं नाव पुसून एका गव्हर्नरचं नाव घालणं ही साधी चूक नाही. आपल्या शहरातल्या माणसाने केलेलं काम आपणच परक्याच्या खात्यावर जमा करतो आहोत.

युनेस्कोचं एका वाक्यात संपतं. भारतातल्या डोंगरी रेल्वेंपैकी दार्जिलिंग 1999, निलगिरी 2005 आणि कालका-सिमला 2008 एवढ्याच यादीत आहेत. माथेरानचं नाव भारताने सुचवलेल्या संभाव्य यादीत आहे, मंजुरी नाही.

वाफेची ती इंजिनं आता प्रदर्शनात आहेत. गाडी ओढतं डिझेल. एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलंय, फोटो बहुधा त्याचाच फिरतो.

राहिलं बंद पडण्याचं. 2005 च्या पुरात मार्ग वाहून गेला, 2007 मध्ये परत सुरू झाला. 2016 मध्ये डबे घसरले म्हणून थांबवला, 2018 मध्ये पूर्ण चालू केला. 2019 च्या पावसाने पुन्हा उखडला, आणि 22 ऑक्टोबर 2022 ला नेरळहून गाडी परत निघाली. मधल्या काळातही अमन लॉज ते माथेरान शटल बरेच महिने चालली. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे वरच्या लोकांचं सामानसुद्धा त्यातून जात होतं. तीन वर्षं लागली, ती फार झाली, हे मीही म्हणेन. पण घाटात उतरून तो मार्ग पुन्हा बसवणारे लोक आपलेच होते.

मामा, तुम्ही तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, तिथे हेही टाका. भाचीने वहीतलं वाक्य खोडलंय. अब्दुल हुसेनमधला 'हु' ऱ्हस्व की दीर्घ, एवढं तिने मला दोनदा विचारून घेतलं.