शंका नसताना केलेली तपासणी

प्रयोगशाळेतील तपासण्यांचा व्यवसाय जगभर वाढतो आहे आणि त्या वाढीला माझा सरसकट विरोध नाही. एचबीए१सी या रक्ततपासणीच्या एका आकड्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज येतो, ही मधुमेही माणसासाठी फार मोठी सोय आहे. माझा आक्षेप आहे तो कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाला साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज विकण्याला. तपासणी ही डॉक्टरांच्या मनातील शंका दूर करण्यासाठी असते. शंकाच नसेल, तर हाती आलेल्या आकड्याचे काय करायचे हे तो विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती साधारणपणे निरोगी माणसांच्या आकड्यांपैकी मधले ९५ टक्के घेऊन ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत असलेल्या २० जणांपैकी एकाचा आकडा त्या मर्यादेबाहेर जाणार, हे आधीच ठरलेले असते. एकाच निरोगी माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के होते. मग फेरतपासणी, सोनोग्राफी, तज्ज्ञांची भेट आणि या सगळ्यात उडालेली झोप! हजारात एकाला होणाऱ्या आजाराचे गणित तर याहून कठीण आहे. तपासणी आजारी आणि निरोगी दोघांच्याही बाबतीत ९९ टक्के अचूक असली, तरी सरसकट सर्वांची केल्यास पॉझिटिव्ह आलेल्या ११ जणांपैकी जेमतेम एकालाच तो आजार असतो. जाहिरातीत मात्र ९९ टक्के हा एकच आकडा दिसतो.

मला त्याहूनही अधिक काळजी वाटते ती नमुन्याच्या प्रवासाची. व्यवसाय वाढला तसे रक्त एका ठिकाणी घ्यायचे आणि दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायचे, ही पद्धत रूढ झाली. माझ्या आईचा पोटॅशियमचा आकडा एकदा ६.३ आला. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ताबडतोब दाखल करा, असे सांगण्यात आले आणि ती रात्र आम्ही दवाखान्याच्या बाकावर काढली. ईसीजी व्यवस्थित होता. पहाटे पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ४.४ निघाले. आदल्या सकाळी दंडाला पट्टा बांधून तिला बराच वेळ मूठ उघडझाप करायला लावली होती, शीर सापडत नव्हती आणि बारीक सुईतून सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला होता, हे सारे मी शेजारी उभा राहून पाहिले होते. अशाने तांबड्या पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असते. ते सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, उतरते आणि एरवी फिकट पिवळे दिसणारे सीरम गुलाबी होते. नमुना साध्या ट्यूबमध्ये तसाच पडून राहिला, तर पेशी साखर वापरत राहतात आणि ग्लुकोज दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. यंत्र कितीही महाग असले तरी ते समोर आलेला नमुनाच मोजते.

दुसरीकडे, ज्यांना तपासणीची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये केली. अत्यावश्यक तपासण्यांच्या यादीला २०१८ साल उजाडले. जगातील ४७ टक्के लोकांना निदानाच्या सोयी मिळत नाहीत किंवा नावापुरत्याच मिळतात, असे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२१ मध्ये नोंदवले. पैसे मोजू शकणाऱ्या निरोगी माणसाकडे धावणारी ही बाजारपेठ आपण होऊन त्यांच्याकडे वळेल, असे मला वाटत नाही. तिथे सरकारांनाच उतरावे लागेल.

प्रयोगशाळांकडे माझी मागणी साधी आहे. पॅकेजमध्ये आणखी दहा तपासण्या वाढवण्यापेक्षा रक्त केव्हा घेतले आणि यंत्रावर केव्हा लावले, या दोन्ही वेळा प्रत्येक रिपोर्टवर छापाव्यात. पेशी फुटलेल्या असतील, तर पोटॅशियमचा आकडा न देता दुसरा नमुना मागवावा. आईच्या त्या रिपोर्टवर फक्त छपाईची वेळ होती.