बाबांचं बुकिंग दादाच्या नावावर होत नाही म्हणजे काय?

डोकं फिरलंय. आज शोरूममध्ये सहावी खेप झाली आणि सहाव्यांदा तेच उत्तर घेऊन घरी आले: "मॅडम, सिस्टममध्ये ऑप्शनच नाहीये."

मागणी एवढीच आहे की इलेक्ट्रिक गाडीच्या बुकिंगवरचं नाव बदला. बापाचं काढून मुलाचं घाला. गाडी तीच, व्हेरियंट तेच, रंगसुद्धा तोच पांढरा. अजून गाडीला चेसिस नंबर पडलेला नाही, इनव्हॉइस झालेलं नाही, आरटीओचा तर संबंधच आलेला नाही. आहे काय, तर २१,००० रुपये भरल्याची एक पावती आणि रांगेतला एक नंबर.

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबांनी हौसेने गाडी बुक केली. आयुष्यभर स्कूटर आणि एक जुनी पेट्रोल गाडी वापरली, आता शेवटची गाडी विजेची घ्यायची म्हणाले. पीएफच्या पैशांतून, कर्ज न काढता. नाव त्यांचं, पॅन त्यांचं, मोबाईल नंबर त्यांचा. तेव्हा शोरूममधल्या पोराला मी स्वतः विचारलं होतं, पुढे काही झालं तर नाव बदलता येईल ना? "हो हो मॅडम, फॅमिलीत होऊन जातं." हे त्याचे शब्द. लेखी घेतलं नाही, कारण माणूस समोर बसून बोलतोय तर विश्वास ठेवला.

डिसेंबरमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अजून उचलत नाही. डॉक्टरांनी ड्रायव्हिंगला साफ मनाई केली आहे आणि पीएफमधले बरेचसे पैसे हॉस्पिटलात गेले. दादा म्हणाला, गाडी मी घेतो. तो पनवेलला राहतो, दर आठवड्याला बाबांसाठी पुण्याला येतो. एक्सप्रेसवेवर पूर्ण टप्प्याचा कारचा टोल एका बाजूने ३२० रुपये. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सप्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर केलीय, म्हणजे त्याच्या कामाचीच गाडी. त्याने सोसायटीकडून चार्जरची एनओसी आणली, महावितरणकडे वेगळ्या मीटरचा अर्ज केला. सगळं केलं. तो कर्ज काढणार, आणि बँक म्हणते कोटेशन तुमच्या नावावर आणा. बरोबरच आहे बँकेचं.

आणि इथून हे हेलपाटे सुरू झाले.

शोरूम म्हणतं कंपनीला विचारा. कंपनीचा टोल फ्री नंबर म्हणतो शोरूमला विचारा. ईमेलला उत्तर येतं ते दर वेळी वेगळ्या नावाच्या माणसाचं आणि शब्दन्‌शब्द तेच. फेब्रुवारीत कुणीतरी सांगितलं की ॲपवरून विनंती टाका, मूळ ग्राहकाच्या मोबाईलवर ओटीपी येईल. मूळ ग्राहक म्हणजे बाबा. त्या दिवशी मी ऑफिसात होते, आई त्यांच्याजवळ बसलेली. आईचा चष्मा सापडेना, म्हणून बाबांनीच डाव्या हाताने फोन धरला आणि एकेक आकडा वाचायला लागले. त्यांची जीभ अजून जड आहे. "सात" आणि "साठ" मला फोनवर वेगळं कळत नव्हतं. दोनदा ओटीपीची वेळ संपली. तिसऱ्यांदा जमलं. बाबांना धाप लागलेली मला इकडे ऐकू येत होती. आणि स्क्रीनवर काय आलं? आपली विनंती नियमात बसत नाही. अहो, नियमात बसत नव्हती तर ओटीपी कशाला मागितलात? त्या माणसाला तीनदा कशाला आकडे वाचायला लावलेत?

शोरूमवाल्यांकडे दोन "उपाय" आहेत. पहिला, कॅन्सल करा आणि दादाच्या नावाने नवीन बुकिंग करा. म्हणजे चार-पाच महिने रांगेत उभं राहून पुढे आलेला नंबर सोडायचा आणि शेपटाला जाऊन उभं राहायचं. शिवाय सुरुवातीच्या बुकिंगवाल्यांना जो भाव होता तो गेला, आज तीच गाडी ७०,००० रुपयांनी महाग आहे. मला विचाराल तर सगळी गोम इथेच आहे. नाव बदलून दिलं तर जुना भाव द्यावा लागतो, कॅन्सल करायला लावलं तर तीच गाडी नव्या भावाने विकता येते. ते तोंडाने कुणी बोलत नाही, सगळे सिस्टमकडे बोट दाखवतात. सिस्टम काय आभाळातून पडली? तुमच्याच माणसांनी बनवली ना?

दुसरा उपाय ऐकून तर मस्तकात तिडीक गेली. "गाडी वडिलांच्या नावावर घ्या, पासिंग करा, मग ट्रान्स्फर करा." आज तिथला मॅनेजर हे चहा पीत पीत सांगत होता. गाडी बाबांच्या नावावर घ्यायची तर पैसे कुठून आणायचे? कर्ज दादाच्या नावावर आणि गाडी बाबांच्या नावावर हे बँक करणार नाही. बरं, समजा कुठून तरी उभे केले. मग आरटीओत फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा बदलून घ्या, बाबांच्या सह्या लागणार, आणि त्यांचा सहीचा हात उजवा. एवढं करून दादा कोण? सेकंड ओनर! शोरूममधून शून्य किलोमीटरवर निघालेल्या गाडीचा सेकंड ओनर. आणि या गाडीच्या जाहिरातीत जी आयुष्यभराच्या बॅटरी वॉरंटीची ठळक ओळ आहे, ती फक्त पहिल्या मालकाला. दुसऱ्याला ठरावीक वर्षं आणि किलोमीटर. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी हाच सगळ्यात महागडा भाग, तो निकामी झाला तर गाडीत राहिलं काय? मॅनेजरला हे मीच सांगितलं. त्याला माहीत होतं, चेहऱ्यावरून कळत होतं. तरी तो हा सल्ला द्यायला धजावला.

मला सांगतात, नाव बदलायला दिलं तर बुकिंगचा काळाबाजार होईल. मान्य आहे. आपल्याकडे ते झालेलं आहे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वेटिंग असायचं त्या काळात लोक नंबर ऑनने, म्हणजे वर जादा पैसे घेऊन, विकायचे, बाबांनीच मला ते किस्से सांगितलेत. पण मग रेल्वे काय करते? कन्फर्म तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या नावावर करून देते. गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज द्या, नात्याचा पुरावा दाखवा, एकदाच बदलून मिळतं. तिकिटांचा काळाबाजार रेल्वेला नवा आहे का? तरी त्यांनी नात्यापुरती वाट ठेवली. फ्लॅटचंही तेच, आपल्या हाउसिंग सोसायट्यांमध्ये मेंबर बदलताना ट्रान्स्फरचा प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही असा नियम सरकारने घालून दिलाय. घर दुसऱ्याच्या नावावर होतं, शेअर सर्टिफिकेटच्या मागे नाव चढतं. आणि एक न बनलेली गाडी बापाकडून मुलाकडे जात नाही! मी दादाचा जन्मदाखला, दोघांचं आधार, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सगळ्याची फाईल करून नेली होती. मॅनेजरने फाईल उघडलीसुद्धा नाही. वर चहाचा कप ठेवला. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर त्याचा गोल डाग पडलाय.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. जानेवारीत कंपनीनेच आमचं बुकिंग ट्रान्स्फर केलं! आम्ही जिथे बुक केलं ते शोरूम त्यांनी बंद केलं आणि बाबांना एसएमएस आला, आपलं बुकिंग दुसऱ्या शोरूमकडे वर्ग करण्यात आलं आहे. आम्हाला विचारलं नाही, ओटीपी मागितला नाही. घराजवळचं शोरूम होतं, आता तासभर गाडी चालवत शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. तेव्हा सिस्टममध्ये ऑप्शन कुठून आला? ज्या पोराने "होऊन जातं" म्हणून सांगितलं तोही त्या बंद शोरूमबरोबर गेला, आता इथले म्हणतात त्याला आम्ही ओळखत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे. ग्राहकाचं नुकसान होईल अशा रीतीने, त्याला न विचारता करार दुसऱ्याकडे सोपवायची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवली, तर ते त्यात धरलंय. आमचं प्रकरण त्यात बसतं की नाही ते वकील बघतील. पण स्वतःसाठी सगळी दारं उघडी आणि माझ्या आजारी बापासाठी सगळी बंद, हे अनुचित आहे एवढं कळायला मला वकील लागत नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आज शोरूममध्ये लेखी पत्र दिलं. पोच द्यायला काउंटरवरची मुलगी तयार नव्हती, अर्धा तास तिथेच बसून राहिले, शेवटी शिक्का मिळाला, सही आणि तारखेसकट. घरी पोचेपर्यंत त्यांचा फोन आला, "मॅडम, मग कॅन्सलेशन प्रोसेस करू का? रिफंड सात दिवसांत मिळेल."

नाही करायचं कॅन्सल. नंबर बाबांचा आहे, पैसे बाबांचे आहेत, आणि त्यांनी घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलंय की गाडी दादाला द्या. सोमवारी सातवी खेप. या वेळी दादापण येतोय.