संशयास्पद मेल आला? गप्प बसा, बाप्पा!

ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये संशयास्पद मेल आला, तर तो आयटीवाल्यांना कळवायचा मोह आधी आवरा. आउटलुकच्या वरच्या पट्टीत त्यासाठी बटण दिलेलं असतं, पण ते पंधरा ऑगस्टला गेटवर लावलेल्या पताकांसारखं आहे. लोकांना दिसलं पाहिजे, हात लावायचा नाही.

नागपूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कुणी नसती चौकशी केली की आपल्याकडे लगेच विचारतात, "तुले काऊन एवढं पडलं बे?" मिहानमधलं काचेचं ऑफिस असो की सीताबर्डीतल्या दोन खोल्या, मेल कळवला की आयटीचा पोरगा तुमच्या टेबलाशी येणार आणि सगळ्यांच्या देखत विचारणार, "सर, क्लिक तर नाही ना केलं?" मग पुढचे आठ दिवस पानठेल्यावर तुमचं नाव 'लॉटरीवाले साहेब'. मेल लॉटरीचा नव्हताच. पण खर्रा घोटताना एवढे तपशील कोण बघतो?

मेल होता साहेबांच्या नावानं. "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. त्या पार्टीचं बँक खातं बदललंय, आजच पेमेंट सोडा." पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' एकमेकांना खेटून बसवलेले. मोबाइलवर बहुधा नुसतं नावच दिसतं, पत्ता नाही. म्हणून असे मेल मोबाइलवरच वाचावेत, मनाला त्रास होत नाही. साहेबांना फोन करून तर मुळीच विचारू नका. ते खरंच मीटिंगमध्ये असले तर? कंपनीचे चार लाख गेलेले परवडतात, साहेबांचा मूड गेलेला नाही.

अगदीच राहवलं नाही, तर "हे खरं आहे का?" असं लिहून तो मेल अख्ख्या डिपार्टमेंटला फॉरवर्ड करा. ज्यांना आला नव्हता त्यांनाही लिंक मिळते, आणि तुमच्यासारख्या भरवशाच्या माणसाकडून आली म्हणून दोघं-तिघं उघडूनही बघतात. आयटीला कळवायची वेळ आलीच, तर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकून मोकळे व्हा. मूळ मेल अटॅचमेंट म्हणून जोडला, तर हेडरवरून, म्हणजे मेलच्या पोटातल्या प्रवासाच्या नोंदीवरून, तो कुठल्या सर्व्हरमधून निघाला ते शोधता येतं, लिंक ब्लॉक करता येते, बाकीच्यांच्या मेलबॉक्समधून तो काढूनही टाकता येतो. मे महिन्याच्या उन्हात पोरांना एवढं काम कशाला लावता?

क्लिक झालंच, पासवर्डही टाकून झाला, तर चकार शब्द काढू नका. पासवर्ड बदलणं, सगळीकडून लॉगआउट होणं, हे सोमवारी सावकाश बघू. तोवर चोराला जरा स्थिरस्थावर होऊ द्या. तो तुमच्या मेलबॉक्समध्ये गुपचूप एक नियम लावतो, आलेले मेल स्वतःकडे वळवतो, जुनी बिलं वाचतो, पार्टीशी तुमच्याच भाषेत बोलायला शिकतो. तुम्ही लगेच बोललात तर बिचाऱ्याचा अभ्यास अर्धवट राहील. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवले जाऊ शकतात. तेव्हा आधी मीटिंग बोलवा आणि चूक कुणाची ते ठरवा.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार फिशिंगसारख्या, म्हणजे खोट्या मेलनं गंडवण्यासारख्या, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. आता 'लक्षात आल्यापासून' म्हटल्यावर आपल्या मॅनेजमेंटला मार्ग दिसलाच. लक्षातच येऊ द्यायचं नाही.

इतकं करूनही कुणी कळवलंच, तर साहेबांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवावा: "सदर मेल आपण मुळात उघडलाच का?" अशा एका कागदानं अख्खा मजला गप्प होतो. नंतर सर्वांना सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा मेल पाठवावा. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेरचा, कुणी कधी न पाहिलेला. मजकूर: "आज सहाच्या आत खालील लिंकवर ऑफिसचा पासवर्ड टाकून नोंदणी करा, अन्यथा कारवाई होईल." अकाउंट्समधली नवी पोरगी तो वाचून ते वरच्या पट्टीतलं बटण दाबेल.

तिचाही खुलासा मागवा.